पिवळ्या बलूनची चीर

१

शनिवारी सकाळी सहा वाजता गगनसखी कंपनीच्या माणसांनी पिवळा बलून पिशवीतून ओढून गवतावर पसरला, आणि पहिल्या फेरीसाठी थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या पन्नास-साठ माणसांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं. कापडाला दीड हात लांबीची चीर होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना काळपट डाग पडले होते.

मुक्ताईनगरच्या पुढे, धरणाच्या काठावर, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांचा पर्यटन महोत्सव भरला होता. राहायला तंबू, जेवायला भरीत, आणि यंदाचं नवल म्हणजे गरम हवेचे बलून. त्यांतलाच एक बलून आता चिरलेल्या पोटाचा गवतावर पडला होता.

गर्दीत दोंडाईच्याचे चुडामण नाना होते. नाना जिनिंगमध्ये चौतीस वर्षं कापसाचे ग्रेडर. पुंजका दोन बोटांत ओढला की धागा किती लांब, ओल किती, भेसळ कुठली, हे ते डोळे मिटून सांगत. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं. लग्नाला गेले तरी नाना नवरदेवाची शेरवानी चिमटीत धरून बघत.

इथंही कोणी विचारलेलं नसताना ते पुढे झाले, खाली बसले, चिरेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे फाटलेलं नाही. कापलंय. पातं धारदार, आणि हात कापडाला सरावलेला."

एवढं बोलून त्यांना बरं वाटलं. हे बरं वाटणं फार तर दहा सेकंद टिकलं. कारण पन्नास माणसांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. बलून ठेवायच्या शेडच्या दारात, गळ्यात मापाची पट्टी टाकून, महोत्सवाचं तंबू-कापड शिवणारा जब्बार शिंपी उभा होता.

"शेडची किल्ली रात्रभर याच्याकडेच होती," गगनसखीचा मालक हितेंद्र म्हणाला. मग त्यानं डागाकडे बोट केलं. "आणि हे बघा. शिलाई मशीनचं तेल!"

लोकांनी मोबाईल वर केले.

२

आता नाना तिथं होतेच कशाला, ते सांगायला हवं. सुनंदाबाईंना बलूनमध्ये बसायचं होतं. बासष्टाव्या वर्षी बायको हा हट्ट का करते, हे नानांनी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "कंपनी मी निवडीसू." म्हणजे मी निवडेन.

कंपन्या दोनच होत्या. शुक्रवारी दुपारी नाना दोन्हीकडे जाऊन आले, व्यापाऱ्याच्या गाडीतला माल बघावा तसे.

हितेंद्रकडे सगळं कसं झोकात. निळे टी-शर्ट घातलेली माणसं, प्लास्टिकमध्ये मढवलेली सर्टिफिकेटं, दोन कोरे बलून, लाल समोर पसरलेला, पिवळा फोटोत. तो स्वतः नाशिककडचा, बोलायला गोड.

"किती वाजता उडवता?" नानांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा! आज सकाळीच साडेनऊला जाहिरातीच्या व्हिडिओसाठी पिवळ्याची जादा फेरी मारली. मी आणि आमचा पायलट, दोघंच. बरोब्बर याच मैदानात उतरलो."

दुसरा होता धुळ्याचा हेमराज. दाढी वाढलेली, स्वेटर उसवलेला. त्याच्याकडे एकच निळा बलून, आणि त्याला सात ठिगळं. त्यातली दोन जब्बारच्या हातची.

"आठना आत उडाडस," हेमराज म्हणाला. "उन तपनं का हवा उठस. मंग हाऊ बलून कोनंच ऐकस नही." मग त्यानं न मागता एक वही पुढे केली. कुठल्या दिवशी हवा कुठल्या दिशेला होती, बलून कुठं उतरला, कुठलं ठिगळ कशामुळे लागलं, सगळं त्यात लिहिलेलं. तिसरं ठिगळ बाभळीचं होतं, पाचवं उंदराचं.

नानांनी ठिगळं मोजली आणि तोंड वाकडं केलं. ठिगळाच्या कापडात बायकोला आभाळात पाठवायचं? त्यांनी शनिवारची पहिली फेरी गगनसखीत ठरवली आणि सुनंदाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "नवा माल शे. एक टाकासुद्धा नही."

३

सात वाजता महोत्सवाच्या व्यवस्थापक नूतन मॅडमनी निकाल दिला. बाई कामाची होती, पण घाईत होती. डोक्यावर चारशे पर्यटक आणि हातात दोन फोन. जब्बारचं काम बंद. जब्बार हेमराजची ठिगळं लावतो, म्हणजे हेमराजचाही यात हात असणार, म्हणून त्याच्याही फेऱ्या बंद. संध्याकाळी पाचला पोलिसात तक्रार. हितेंद्र उद्या लाल बलून उडवेल.

नाना तंबूत आले. सुनंदाबाईंनी चहाचा कप नवऱ्यासमोर जरा जोरात ठेवला.

"मी खोटं बोलनू का?" नाना म्हणाले.

"खरं बोलनात. पन कोनी इचारं व्हतं?"

कप तसाच ठेवून नाना उठले.

शेडमध्ये जब्बार आपल्या मशीनला गोणपाट गुंडाळत होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. जामनेरच्या बाजारात त्याचं दुकान होतं. ताडपत्र्या, मंडपाचे पडदे, गाद्यांच्या खोळी शिवायचा. नानांना बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. त्यामुळे नानांना जास्तच मेल्यासारखं झालं.

"जब्बारभाई, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"नहीं घेतलं, नाना. बराबर आहे." तो दोरी आवळत म्हणाला. "पण आता घरून फोन आला. घरवाली हसीनाबी रडत होती. व्हिडिओ माझ्याआधी जामनेरला पोचला. लोक माझ्याकडं लग्नाचं, मय्यतीचं, दुकानाचं कापड टाकून जातात. पावती कोणी मागत नाही. भरवशावर टाकतात. आता कोण टाकेल?"

नानांनी ग्रेडरसारखं विचारायला सुरुवात केली. किल्ली कुणाकडे? रात्रभर जब्बारकडेच. बलून शेडमध्ये कधी आला? काल सकाळी अकराला, पिशवीत भरलेलाच. उघडला कधी? नाही. रात्री कोणी आलं? नाही.

म्हणजे प्रत्येक उत्तर जब्बारच्याच गळ्याभोवती आवळत होतं. 

"एक गोष्ट सांगू?" जब्बार म्हणाला. "मला त्या कापडाला हात लावू दिला नाही. दिला असता तर पहिल्यांदा दोन्ही कडा जुळवून बघितल्या असत्या. कापड फाटो नाहीतर कापो, शिंप्याचं पहिलं काम तेच. तुम्ही जुळवल्या?"

नानांनी नव्हत्या जुळवल्या. त्यांनी एका कडेवर अंगठा फिरवला होता आणि सुतावरून स्वर्ग गाठला होता.

ते तडक हितेंद्रकडे गेले. पण पिवळा बलून पुन्हा पिशवीत गेला होता, आणि पिशवीवर हितेंद्र स्वतः बसला होता.

"आता पोलीस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, काका," तो गोड हसून म्हणाला. "पुरावा आहे तो."

४

दुपारी पंगत बसली. वांग्याचं भरीत, पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. ताट म्हणून केळीचं पान, समोरच्या बागेतून नुकतं कापून आणलेलं. नानांचं जेवणात लक्ष नव्हतं. पान सरळ करताना देठाकडून चार थेंब त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले.

सुनंदाबाई केवढ्यांदा ओरडल्या! शेजारच्या पंगतीतली माणसं वळून बघायला लागली.

"पानी शे व, वाळी जाई," नाना म्हणाले.

"पानी नही, केयना चीक शे हाऊ! आते काहीच दिसस नही. दिन मावळताना तांबूस दिसी, अन् एक रात गई का काया. मंग कितलं बी धुवा, जावाव नही."

"तुले कसं माहीत?"

"मनं माहेर रावेरनं! मना बाप बागम्हा जाये तवय येगळं धोतर नेसे."

केळीचा चीक, एका रात्रीत काळा! नानांचा घास हातातच राहिला. ते कापूस जन्मभर बघत आले होते, पण केळी त्यांनी फक्त खाल्ली होती. त्यांनी डोळे मिटले आणि सकाळचा डाग पुन्हा अंगठ्याखाली आणला. तेल असतं तर कापड मऊ, बुळबुळीत लागलं असतं. तिथं तर कापड कडक झालं होतं, खळ दिल्यासारखं. बोटांनी सकाळीच सांगितलं होतं. डोकं मात्र गर्दीकडे बघत होतं.

जब्बारच्या शेडमध्ये केळीचं पानसुद्धा नव्हतं. आणि सकाळी सहाला डाग काळा होता, म्हणजे तो निदान एक रात्र जुना. चीक लागला तो पिशवी शेडमध्ये येण्याच्या आधी.

नाना भरीत तसंच टाकून उठले. खानदेशी माणूस भरिताच्या पानावरून उठतो म्हणजे प्रकरण गंभीर असतं. हेमराज आपल्या जीपमध्ये तोंड पाडून बसला होता.

"हेमराज, तुझी वही काढ. काल साडेनऊला हवा कुठे चालली होती?"

हेमराजनं पान उलटलं. "उगवतीले. नदीकडे."

"तिकडे काय आहे?"

"केयीना बागा," हेमराज म्हणाला, आणि त्यानं जीप सुरू केली.

५

तिसरी बाग भूपेंद्रची होती. बांधावरून दिसत नव्हतं, पण आत शिरल्यावर मधली पंधरा-वीस झाडं गुडघ्याएवढी छाटलेली दिसली. बाजूला कच्चे, बोटभर केळ्यांचे घड पडले होते, आणि घडांना टेकू द्यायचे दोन-तीन बांबू मोडून पडले होते. अशा कच्च्या घडाला केळीवाला हात लावत नाही. भूपेंद्र, तिशीतला, गोरागोमटा शेतकरी, त्यांना बघून घाईघाईनं पुढे आला.

"वाऱ्यानं पडली ना, नाना," विचारण्याआधीच तो म्हणाला. "परवा रात्री काय वारा सुटला होता! मोडलेली छाटून टाकली मंग."

हेमराजचा चेहरा पडला. वाऱ्यानं केळी पडतात, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. नाना मात्र केळीकडे बघतच नव्हते. ते बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेले. तिथं कापूस फुटला होता. एकेका बोंडातून पांढरे पुंजके खाली लोंबत होते, आता पडतील की मग पडतील असे, आणि खाली जमीन स्वच्छ होती.

"भूपेंद्र," नानांनी हाक मारली. "हा कापूस वेचायला चार दिवस उशीर झालाय. फुंकर मारली तरी गळेल." त्यांनी फुंकर मारली. पुंजका गळून मातीवर पडला. "केळी मोडणारा वारा बांध बघून परत फिरला का रे?"

भूपेंद्र जमिनीकडे बघायला लागला.

"तुझ्या बागेत बलून उतरला. बांबूत कापड अडकून फाटलं, मोडलेल्या केळींचा चीक त्याला लागला. तू त्यांना बलून काढायला मदत केलीस. खरं का खोटं?"

"तो हितेंद्र म्हणे, मैदानाच्या बाहेर उतरलो हे कळलं तर आमच्या फेऱ्याच बंद होतील," भूपेंद्र हळूच म्हणाला. "घरच्या सगळ्यांना फुकट फिरवतो म्हणाला. पोरं नाचायला लागली ना. मले वाटलं, माझीच झाडं गेली, मी गप राहिलो तर कोणाचं काय बिघडते?"

"जामनेरच्या एका शिंप्याचं बिघडलंय," नाना म्हणाले. "पाचला पोलीस येतील."

भूपेंद्रला यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळं ऐकल्यावर त्यानं हातातला विळा बांधावर टाकला आणि तसाच मातीच्या पायांनी जीपमध्ये चढला. घड्याळात सव्वाचार झाले होते.

६

पाचला दहा मिनिटं कमी असताना ते शेडमध्ये पोचले. नूतन मॅडम, हितेंद्र, जब्बार आणि पिवळ्या बलूनची पिशवी, सगळं तिथंच होतं. जब्बारनं धुतलेला शर्ट घातला होता. पोलिसांबरोबर जायचं म्हणून.

"मॅडम, सकाळी मी अर्धंच बघितलं आणि पूर्ण बोललो," नाना म्हणाले. "पाच मिनिटं द्या."

हितेंद्र पिशवीसमोर आडवा झाला. "पुराव्याला हात लावायचा नाही."

"मी लावत नाही. मॅडम लावतील."

नूतन मॅडमनी क्षणभर हितेंद्रकडे बघितलं आणि स्वतः पिशवीची दोरी सोडली.

"आता जब्बारभाई सांगतील तसं करा."

जब्बारनं दुरूनच सांगितलं. आधी वरचं टोक धरा. मग खालचं. आता दोन्ही कडा एकमेकींना लावा, पण ओढू नका. मॅडमनी कडा जवळ आणल्या. टोकांना त्या जुळल्या, मधे मात्र दोन बोटांची फट राहिली. फट मिटवायला गेलं की आजूबाजूच्या कापडाला चुण्या पडत होत्या.

"सुरीनं चिरलं तर कापड कमी होत नाही," नाना म्हणाले. "दोन्ही कडा तंतोतंत भेटतात. इथली पट्टी कुठे गेली? ज्याला नुसता घात करायचाय तो चिरून पळतो. कडा छाटत बसतो तो कशाला? आधीची फाट लपवायची असते म्हणून. बांबूनं फाटलेलं कापड दातेरी होतं. ते दाते छाटले की माझ्यासारखा उंटावरचा शहाणा येऊन सांगतो, हे कापलंय!"

मग त्यांनी आपला सदरा पुढे केला. दुपारी पाण्यासारखे असलेले चार थेंब आता तांबूस झाले होते.

"उद्या सकाळी हे त्या डागासारखे काळे होतील. हे तेल नाही, केळीचा चीक आहे. काल साडेनऊच्या उन्हात यांचा बलून भरकटला. आठनंतर उडायचं नसतं हे हेमराजच्या वहीत लिहिलंय, यांच्या सर्टिफिकेटात नसावं. केळीच्या प्रदेशात बलून आणला आणि चीक म्हणजे काय हे यांना माहीतच नव्हतं. काळा डाग दिसला, शेजारी शिलाई मशीन दिसलं. वड्याचं तेल वांग्यावर!"

"ही सगळी कल्पना आहे," हितेंद्र म्हणाला. "साक्षीदार कोण?"

दारातून भूपेंद्र आत आला. हितेंद्रनं त्याचे मातीचे पाय बघितले आणि तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "पिशवीत भरायच्या आधी बागेतच कडा छाटल्या. शिंप्याला अडकवायचं नव्हतं. कोणी तरी कापलं एवढंच म्हणणार होतो. पण काकांनी हात सरावलेला म्हटलं, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले."

हे वाक्य नानांच्या वर्मी लागलं. लागायलाच हवं होतं.

नूतन मॅडमनी गगनसखीच्या फेऱ्या तिथंच बंद केल्या, हेमराजला परवानगी परत दिली. पोलिसांकडे तक्रार गेली, पण ती हितेंद्रविरुद्ध. मग त्या जब्बारसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. उद्यापासून कामावर या."

सगळ्यांना वाटलं, जब्बारच्या डोळ्यांत पाणी येईल. तो मशीनचं गोणपाट नीट करत होता.

"मॅडम, तुम्ही मोठ्या मनानं बोललात," तो म्हणाला. "पण सकाळी साठ माणसं होती. त्यातली निम्मी घरी गेली. भुसावळ, जामनेर, बोदवड. ती माझं नाव बरोबर घेऊन गेली. तिकडं कोण हात जोडणार?"

मॅडमनी रात्रीच्या कार्यक्रमाआधी माईकवरून सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी मात्र कोणी मोबाईल वर केला नाही.

७

रविवारी पहाटे निळा बलून फुगायला लागला. सातही ठिगळं उजेडात स्पष्ट दिसत होती. सुनंदाबाई शाल घट्ट लपेटून टोपलीत चढल्या आणि त्यांनी नवऱ्याला हात दिला.

"या."

"तू जाई ये," नाना म्हणाले. "हेमराज शे ना. मले जामनेरले जानं शे. साडेसहानी गाडी शे."

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे असं फार वेळा बघितलं नव्हतं. मग त्यांनी नानांच्या सदऱ्याची गुंडी नीट लावली. सदरा कालचाच होता, आणि डाग काळे पडले होते.

"हाऊच घाली जा," त्या म्हणाल्या. "लोकेसले दखाडाले कामे पडी."

बलून वर गेला तेव्हा नाना बस स्टँडच्या वाटेला लागले होते. शेजारून जब्बार चालत होता, आणि दोघं वर बघत होते.

नऊ वाजता त्यांनी जामनेरच्या बाजारातल्या दुकानाचं शटर वर केलं. हसीनाबी आधीच येऊन पायरीवर बसली होती. शुक्रवारी घरी आणून टाकलेल्या दोन ताडपत्र्या गिऱ्हाईकं न शिवताच परत घेऊन गेली, हे तिनं नवऱ्याला सांगितलं. जब्बारनं मान हलवली आणि दुकान झाडायला घेतलं. नानांनी बाकडं ओढून दारात मांडलं आणि त्यावर बसले.

थोड्या वेळानं समोरच्या भुसार दुकानाचे रुपचंदशेठ पान खात आले. त्यांनी आत डोकावलं, हसले, आणि बाजारातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "काय जब्बार, बलून फाडला म्हणे?"

जब्बारचा झाडू थांबला.

"शेठ, इकडे या," नाना म्हणाले, आणि बाकड्यावर सरकून त्यांनी जागा केली. "ते मीच म्हणालो होतो. चुकीचं म्हणालो. बसा, पहिल्यापासून सांगतो. आणि ते चौघं उभे आहेत ना, त्यांनाही बोलवा."